दिसलं का, म्हात्रे?

कॅप्टन भास्कर म्हात्र्यांनी माझ्या पत्रकातलं पहिलं वाक्य खोडलं तेव्हा आमची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. वाक्य असं होतं : ‘रातोरात शेकडो डंपर माती ओतून खाडीचा गळा घोटण्यात आला आहे.’ मला ते वाक्य फार आवडत होतं. दोन दिवस घासून पुसून लिहिलं होतं.

“शेकडो तू मोजलेस?” त्यांनी विचारलं.

“मोजले नाहीत, पण काका—”

“रात्री तिथं होतीस?”

“सगळ्या गावाला माहितीय.”

“गावाला मी नाय विचारत, बाय. तुला विचारतो.”

मग शर्टाच्या खिशातून लाल पेन्सिल निघाली आणि वाक्यावरून सरळ गेली. ‘गळा’ या शब्दावर त्यांनी वेगळी फुली मारली. “खाडीला गळा नसतो,” ते म्हणाले. “मोरी असते. मोरीचं लिही.”

मी तिथे धडे घ्यायला गेले नव्हते. सही घ्यायला गेले होते. आमच्या समितीत शिक्षक होते, रिक्षावाले होते, एक वकीलबाई होत्या. कॅप्टन कोणी नव्हता. पत्रकाखाली ‘कॅप्टन’ छापलं की कागदाला वजन येतं, इतका साधा हिशेब होता. तो हिशेब मी त्यांना तोंडावर सांगितला. मला गोल गोल बोलता येत नाही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “बोलतेस खरं,” एवढंच म्हणाले, “लिहितेस मात्र फुगवून.”

आमचं भांडण थोडक्यात सांगते. मी राहते विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात. आई-बाबा कोकणातून आले, चाळीतली खोली विकून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. पाऊस दोन दिवस लागला की आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी येतं आणि तळमजल्यावरचे लोक गाद्या खांद्यावर घेऊन आमच्याकडे वर येतात. आम्ही काही तरुण पोरं या पाण्याच्या मागे लागलो आणि जिथे तिथे जुनी मिठागरं भरलेली, मोऱ्या बुजलेल्या सापडल्या. त्यातली एक मोरी खाडीकाठी, म्हात्र्यांच्या गावात. मोरी म्हणजे रस्त्याखालचे दोन मोठे नळ. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला गावाचं पाणी घेऊन बाहेर जातं. तिच्या तोंडाशी एका गोदामवाल्याने भराव टाकला. त्या पावसात गावात दोनशे घरांत पाणी शिरलं. आमच्या पाण्याच्या मानाने ते पाणी जास्त वाईट होतं, कारण ते जातच नव्हतं. चार दिवस तसंच उभं राहिलं. एक घर म्हात्र्यांचंही होतं.

म्हात्र्यांचे वडील मिठागरावर कामाला. त्यांच्या तळपायांची कातडी मिठाने अशी झाली होती की चपलेची गरजच नव्हती, असं काका सांगत. त्या घरातला मुलगा शिष्यवृत्तीवर विमान शिकला, हे गावाला अजूनही पुरतं पटलेलं नाही. मोठ्या कंपनीची विमानं त्यांनी कधी चालवली नाहीत. जन्मभर एका रंगाच्या कारखान्याच्या मालकांचं छोटं विमान उडवलं. दोन इंजिनं, पाठीमागे सहा सीटा. “रिक्षा,” काका म्हणत. “मीटर नसलेली.” मालकाला कुठल्या तरी जिल्ह्याच्या गावी पोचवायचं, तिथे विमानतळ म्हणजे एक पट्टी, एक पत्र्याची खोली, एक कुत्रं. पावसाळ्यात ढग जमिनीला टेकलेले. त्या ढगांतून, बाहेर काही दिसत नसताना, समोरच्या सहा तबकड्यांवरच्या काट्यांकडे बघत विमान खाली आणायचं. हे त्यांचं काम होतं, आणि या कामाने त्यांना आतून बाहेरून घडवलं होतं.

ते कसं, ते मला त्यांनी खुर्चीवर बसवून दाखवलं.

त्यांच्या पडवीत न्हाव्याची खुर्ची होती. खरीखुरी, लोखंडी पायाची, गोल फिरणारी. गावातलं सलून बंद झालं तेव्हा त्यांनी ती उचलून आणली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या खुर्चीवर बसावं लागे. कुंदाकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, आतून ओरडायच्या, “आलं कं गिऱ्हाईक? दाढी पन करून दे त्याची.”

मला बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि खुर्ची हळूहळू फिरवली.

“कुठं फिरतेस?”

“उजवीकडे.”

फिरवत राहिले. थोड्या वेळाने परत विचारलं, “आता?”

“थांबली खुर्ची.”

“डोले उघड.”

खुर्ची फिरत होती. पडवीचे खांब माझ्या समोरून चालले होते. पुन्हा डोळे मिटायला लावले आणि खुर्ची धरून थांबवली. “आता?” मी शपथेवर सांगितलं असतं, मी डावीकडे फिरत होते. डोळे उघडले तर समोर कुंदाकाकू चहा घेऊन उभ्या, स्थिर.

“ढगात असंच होतं,” काका म्हणाले. “विमान सरळ असतं आनि पोट सांगतं, वाकडं चाललंय. मग पोटाचं ऐकून मानूस सरळ विमान वाकडं करतो. चांगली चांगली मानसं अशी गेली. राग कुठून येतो तुला?”

“पोटातून.”

“तेच म्हनतो.”

मला याचा फार राग आला, तोही पोटातूनच. रागाशिवाय चळवळ होत नाही, हे मी त्यांना बजावून सांगितलं. ते म्हणाले, “राग म्हंजे इंजिन. इंजिन पाहिजेच. पन इंजिन खिडकीतून बाहेर बघत नाय.”

त्यानंतर माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी त्या पडवीत जायचं. मनवेलपाड्यातून स्कूटीवर तासभर लागे. जाताना मी चरफडत जाई, येताना अर्धं पत्रक खोडलेलं असे. ‘भ्रष्ट’ गेलं. ‘सर्वांना ठाऊक आहे’ गेलं. ‘हजारो’ तर त्यांच्या पेन्सिलीसमोर एकदाही टिकलं नाही. उरलेलं पत्रक लहान आणि कोरडं दिसायचं. पण गोदामवाल्याच्या माणसांना त्या कोरड्या पत्रकाला उत्तर देता येत नव्हतं, हे मला कळायला एक वर्ष गेलं.

ते स्वतःशी मोठ्याने बोलत. वय म्हणून नव्हे. ती सवय विमानातली. एकट्याने उडवताना आकडे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे डोळ्यांनी वाचलेलं कानांनाही कळतं. तेच घरी. जिना उतरताना पायऱ्या मोजत. गॅस बंद केला की “गॅस बंद” म्हणत. चष्मा हरवला की कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि वेगळ्याच, जाड आवाजात स्वतःला विचारत, “दिसलं का, म्हात्रे?” मग आपल्या आवाजात उत्तर देत, “नाय सर.” मला ते गमतीचं वाटे. आम्ही पोरं त्यांची नक्कलही करत असू. तो जाड आवाज कोणाचा, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि कुठलीही गोष्ट घरातून निघायच्या आधी ठरवायची, हा त्यांचा हट्ट. विमान उतरवताना एक उंची ठरलेली असते. तिथवर यायचं, पट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर वर जायचं. तिथे विचार करायचा नाही. विचार आधीच करून ठेवलेला असतो. काकांनी ही पद्धत भाजी आणण्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळीकडे लावली होती, आणि तिचा सगळ्यात मोठा तडाखा कुंदाकाकूंना बसला होता.

काकूंच्या भावाच्या मुलाची हळद. इकडे लग्न एक वेळ चुकलं तर चालतं, हळद चुकवत नाहीत. पाऊस धो धो. काकांनी घरीच जाहीर केलं, “चाकाच्या नटाला पानी लागलं की परत.” काकू नवी साडी, गजरा, मांडीवर आहेराचं ताट. भावाच्या गावाच्या शेवटच्या वळणावर पाणी नटाला लागलं. तिथून मांडव दिसत होता. बेंजो ऐकू येत होता. काकांनी गाडी रिव्हर्समध्ये घातली. त्यांच्या शेजारून एक रिक्षा पाणी उडवत गेली आणि मांडवाच्या दारात जाऊन थांबली.

“रिक्षावाला गेला,” काकूंनी मला हे सांगताना पदराने कपाळ पुसलं. “त्याच्याकडं काय हेलिकॉप्टर होतं? माझ्या भाच्याची हलद मी रिव्हर्समधे ऐकली.”

“तो पोचला म्हनून त्याचं बरोबर होतं असं नाय,” काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. “पान्यात बसून ठरवलं तर पानी ठरवतं.”

“आनि घरात बसून ठरवलं तर तुम्ही ठरवता. मी कवा ठरवू?”

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

रविवारी सकाळी ते राजोडीला जात. समुद्र बघायला. मी एक-दोनदा बरोबर गेले आणि तिथल्या प्लास्टिकवर, दारूच्या बाटल्यांवर, मुंबईहून येऊन कचरा टाकून जाणाऱ्यांवर तोंडसुख घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आता पाच मिनिटं गप बस. क्षितिज बघू दे.” विमानातल्या काट्यांमध्ये एक खोटं क्षितिज असतं, अर्धं निळं, अर्धं तपकिरी. आयुष्यभर ते त्या तळहाताएवढ्या चकतीवर विसंबून राहिले. खरं बघायची भूक राहिली होती म्हणे.

हृदयाच्या तपासणीत नापास होऊन त्यांचं उडणं सुटलं त्याला दहा वर्षं झाली होती. ढगांमागून एखादं विमान जाताना ऐकू आलं की ते बोलता बोलता थांबत. मान वर करत नसत. बघण्यासारखं काही नसायचंच, सगळं राखाडी. नुसतं ऐकत.

“वर ऊन असेल आता,” एकदा म्हणाले.

“जावंसं वाटतं?”

“उतरायला नको वाटतं. म्हातारा झालो, हात कापतील. पन एकदा त्या ढगात शिरायचंय. पांढरं. चारी बाजूंना पांढरं, आनि समोर सहा काटे. तिथं कोन तुला काय म्हनत नाय. बाप मिठागरावर होता कं राजा होता, कोनाला पडलेली नसते.” मग थोड्या वेळाने, “बाय, मी जमिनीवर एवढा सरळ कवा बसलोच नाय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. राजोडीच्या ओल्या वाळूत, चपला शेजारी ठेवून, ते ताठ बसले होते.

इथवर लिहिणं सोपं होतं. पुढचं लिहायचं टाळून मी दोन वेळा उठले.

भरावाची सुनावणी लागली. गोदामवाल्याचं म्हणणं असं की मोरी गाळाने आपोआप बुजलेली, कित्येक वर्षांपासून. आम्ही हात लावला नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, भराव टाकताना डोळ्यांनी पाहणारा एक साक्षीदार द्या, विश्वासू, निवृत्त, कोणाचा मिंधा नसलेला. सगळ्यांची नजर एकाच घराकडे. मोरीपासून सगळ्यात जवळचं घर म्हात्र्यांचं. मी प्रतिज्ञापत्र टाइप करूनच घेऊन गेले. ‘मी स्वतः पाहिले की’ अशी सुरुवात.

काकांनी ते दोनदा वाचलं. पेन्सिल काढली नाही.

“त्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर पट्टी. धूळ नको म्हनून आतल्या खोलीत. डंपर ऐकले मी. तीन दुपारी. मागं येताना वाजतो तो आवाज. ते लिही.”

“नुसतं ऐकलेलं पुरत नाही. वकीलबाईंनी सांगितलंय.”

“मग नाय.”

“काका, डंपर आले. माती पडली. मोरी बुजली. यातलं काय खोटं आहे?”

“काय नाय.”

“मग?”

“मी पाहिलं, हे खोटं.”

मी समजावलं. दोनशे घरं मोजून दाखवली. मोजली होती, त्यांच्याच शिकवणीने. येणाऱ्या पावसात मोरी बंद राहिली तर कोणाच्या खाटा कुठवर बुडतील ते सांगितलं. मग त्यांनी मला रायकरांची गोष्ट सांगितली.

कॅप्टन रायकर त्यांचे वरिष्ठ. सुरुवातीची वर्षं काका त्यांच्या शेजारी बसत. गुजरातच्या किनाऱ्यावर एका लहान पट्टीवर उतरायचं होतं, मुसळधार पाऊस, ढग अगदी खाली. एकदा आले, काही दिसलं नाही, वर गेले. दुसऱ्यांदा आले. वाटणी ठरलेली असते : एकाने काट्यांवरून नजर हलवायची नाही, दुसऱ्याने बाहेर बघायचं. बाहेर बघायचं काम म्हात्र्यांचं. ठरलेल्या उंचीवर रायकरांनी त्यांच्या जाड आवाजात विचारलं, “दिसलं का, म्हात्रे?”

ढगाला एक फट पडली होती. त्या फटीत एक लांब, सरळ, ओली, चकाकती पट्टी. दोन्ही कडा आखल्यासारख्या.

“दिसलं, सर. समोर.”

रायकरांनी मान वर केली, विमान खाली घेतलं. आणि मग त्या पट्टीवर आडवे बांध उमटले. एक, दोन, तीन. चौकोन पडले.

“मिठागर होतं,” काका म्हणाले. “दुसऱ्या कोनी हे ओलखलं नसतं तर मी माफ केलं असतं. मी त्याच्यात जन्मलोय. कोंड्या, म्हंजे मिठाचे ते चौकोन, मोजत मोठा झालोय. पन मला पट्टी पाहिजे होती, बाय. इतकी पाहिजे होती की मिठागराची पट्टी झाली.”

रायकरांनी विमान वर ओढलं, पण एक चाक बांधाला लागून मोडलं. दुसऱ्या विमानतळावर ढग वर होते. तिथे पोटावर उतरवलं. मालक आणि त्यांची माणसं चालत बाहेर पडली. रायकरांच्या पाठीचा मणका गेला. ते पुन्हा कधी उडले नाहीत. चौकशीत त्यांनी सांगितलं, पट्टी मी स्वतः पाहिली, म्हात्र्यांचा दोष नाही. त्या जबाबावर म्हात्र्यांचं लायसन्स राहिलं. पुढची सगळी वर्षं ते एकटे उडवत राहिले, आणि प्रत्येक वेळी ठरलेल्या उंचीवर रायकरांच्या आवाजात स्वतःला विचारत राहिले.

“मी खोटं नव्हतो बोललो त्यांच्याशी,” ते म्हणाले. “मला दिसलं होतं. हे तुला समजलं पाहिजे. दिसलेलंसुद्धा असं असतं. मग न दिसलेल्याचं मी काय सांगू?”

आता मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. इतरांचं लिहिते तसं माझंही लिहायला हवं.

मी म्हणाले, “म्हणजे रायकरांच्या खोट्या जबाबावर तुम्ही जन्मभर उडालात. आणि आम्हाला एक ओळ द्यायची तर तुमचा हात अडतो.”

कुंदाकाकू दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “बरोबर आहे.” एवढंच. मी कागद उचलला आणि निघाले. चहा तसाच राहिला.

साक्षीदाराअभावी सुनावणी पुढे ढकलली. पावसाळा आला. मी त्या गावात जात होते, सभा घेत होते, पत्रकं वाटत होते. त्या पडवीत जात नव्हते. पत्रकांत ‘हजारो’ परत आले होते. जूनच्या शेवटी आमच्यातला एकजण म्हणाला, “तुझा कॅप्टन येडा झालाय. मोरीवर दोन बांबू रोवलेत, लाल-पांढरे पट्टे मारून. एक आत, एक बाहेर. भरती-ओहोटीला येतो, वाकून बघतो, लिहितो काहीतरी.” सगळे हसले. मी हसले नाही, पण गेलेही नाही. मला वाटलं, बघू दे. सही हवी होती तेव्हा दिली नाही.

सप्टेंबरात ताप आला, छातीत उतरला, आणि पाच दिवसांत ते गेले. मला कळलं ते समितीच्या ग्रुपवर. कोणी तरी ‘भावपूर्ण’ लिहून दोन हात जोडले होते.

बाराव्याला गेले तेव्हा कुंदाकाकूंनी मला आत बोलावलं आणि एक लांबट वही हातात ठेवली. “तुझी हाय,” त्या म्हणाल्या. “त्यानं सांगितलं नाय. पन तुझीच हाय. ओला यायचा, मी टावेल द्यायची, तर आधी वही पुसायचा.” मग थोड्या वेळाने, “मी किती वेला म्हनलं, पोरीला फोन करा. म्हनायचा, अजून झालं नाय, पुरं होऊ दे.”

वहीत एकही वाक्य नव्हतं जे पत्रकात शोभावं. तारीख. वेळ. भरती की ओहोटी. बाहेरच्या बांबूवर पाणी खालून कितव्या पट्ट्याला, आतल्या बांबूवर कितव्या. पाऊस. खाली सही. प्रत्येक ओळीला सही, बाहेर पाणी उतरलं आणि आत तसंच राहिलं हे ओळीमागून ओळ. गाळ कसा, कधी साचला यावर एक अक्षर नाही. जे त्यांनी उभं राहून पाहिलं, तेवढंच. वकीलबाईंनी ती वही पुढे ठेवली. गेलेल्या माणसाच्या वहीला काय किंमत, असं समोरचा वकील म्हणाला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी भरतीचं कोष्टक मागवलं, आपला माणूस पाठवला, त्याच बांबूंवर, तशाच भरतीला. आकडे जुळले. तोंडावरचा भराव काढायचा हुकूम झाला. दोनपैकी एक नळ मोकळा झाला आहे. दुसऱ्यासाठी भांडतोय.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑगस्टमध्ये, मोरीवर. सभेला चालले होते, स्कूटीवर पायाशी पत्रकांचा गठ्ठा, पाऊस तिरका. लांबूनच दिसले. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक हात बांबूवर. वाकून पट्टा वाचत होते. मी वेग कमी केला. ते सरळ झाले आणि रस्त्याकडे बघायला लागले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, मान थोडी पुढे काढून. ओठ हलत होते. आमच्यामध्ये फार तर पन्नास पावलं होती. पत्रकं भिजतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि गाडी पुढे काढली.

वहीत त्या दिवसाची ओळ आहे. बाहेर तिसरा पट्टा, आत सातवा. जोरदार पाऊस. आणि पुढे, आकड्यांच्या रकान्याबाहेर, लहान अक्षरात : ‘४.१०. रस्त्यावरून बाय गेल्यासारखी वाटली. खात्री नाही.’

खाली सही.

त्या ओळीखाली मला लिहायचं होतं, की मीच होते. पण ती वही पुराव्यात आहे. तिच्यात दुसऱ्या कोणाचं अक्षर चालत नाही.